पुरवठादाराला मेल लिहिताना

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळते. पुण्याहून येणारे पॅकिंगचे खोके रखडले, म्हणून पुरवठादाराला लिहिले, "तुम्ही तिसऱ्यांदा उशीर करताय. आमचे काम अडले आहे. तात्काळ उत्तर द्या!!" उत्तर आले नाही, वर साहेब म्हणतात की मेल भांडणाचा वाटतो. गोड बोलून माल येतो का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमच्या मेलमधले एकही वाक्य खोटे नाही. पण किती खोके, कोणत्या ऑर्डरचे, कधीपर्यंत, हे त्यात कुठेच नाही. ते पुरवठादाराने शोधायचे. आरोप मात्र त्याला आयता मिळतो. मग माणूस आधी स्वतःची बाजू सावरतो, नाहीतर मेल तसाच ठेवून देतो.

विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक, नग आणि तारीख घाला, "अर्जंट" नको. मजकूर असा :

"नमस्कार. ऑर्डर क्र. 118 मधले 800 खोके मिळाले, धन्यवाद. उरलेले 1,200 आम्हाला 2 डिसेंबरला दुपारी 4 पर्यंत हवेत. 3 तारखेला गोव्यात सुटी असल्याने गेट बंद राहील आणि 4 ला सकाळी पॅकिंग सुरू होईल. सगळे जमत नसतील तर आधी 500 पाठवता येतील का? गाडी कधी निघेल ते उद्या 12 पर्यंत कळवावे."

यात गोडवा फारसा नाही, पण तारखेमागचे कारण आहे आणि अडचण असल्यास एक वाटही ठेवली आहे. सां फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुटी पुण्यातल्या माणसाच्या ध्यानात नसते. आपल्याकडे गणेश चवथीचा दुसरा दिवसही सुटीचा असतो, तोही असाच आठवणीने लिहावा.

"तुम्ही पाठवले नाहीत" ऐवजी "आम्हाला अजून मिळाले नाहीत" लिहा. चूक आपली असेल तेव्हा मात्र उलटे : "माप मी चुकीचे लिहिले, सुधारित ऑर्डर जोडली आहे." तिथे "चूक झाली" म्हणणे अंग काढून घेतल्यासारखे दिसते. "आपल्या सोयीने, शक्य झाल्यास" हेही टाळा, त्याने दिलेली तारीखच पुसली जाते.

त्यांच्या वरिष्ठांना सीसीमध्ये पहिल्याच मेलला घेऊ नका. मुदत टळली की आधी फोन करा, मग "फोनवर ठरल्याप्रमाणे" असा मेल पाठवा. तरीही माल हलला नाही, तर सीसी.

राग आला असेल तर 'टू'ची जागा रिकामी ठेवून लिहा, पत्ता शेवटी भरा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'अनडू सेंड'ची मुदत 5 सेकंदांवरून 30 पर्यंत वाढवता येते. ती आजच वाढवा.

तिसऱ्यांदा उशीर झाल्याची तक्रार सोडून द्यायची नाही. ती माल उतरल्यावर, वेगळ्या मेलमध्ये करा : तिन्ही वेळची ठरलेली तारीख, प्रत्यक्ष आलेली तारीख, आणि पुढच्या ऑर्डरला किती दिवस आधी कळवले तर चालेल हा प्रश्न.