पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकला मागे स्पॉयलर लावल्यास घाटात पकड वाढते का?

तुम्ही विचारले आहे की, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत असताना होंडा सिव्हिक टाइप आरसारख्या गाडीला पंख (स्पॉयलर) मागे का असतो, आणि तसाच पंख तुमच्या हॅचबॅकला बसवला तर चिपळूणहून कुंभार्ली घाट चढता-उतरताना फायदा होईल का. घाटापुरते माझे उत्तर 'नाही' असे आहे. पहिला प्रश्न मात्र अतिशय चांगला आहे.

मागचा पंख गाडी ओढायला मदत करत नाही. तो वेगात मागची बाजू स्थिर ठेवतो. अशा गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स पुढेच असल्याने साधारण 60 टक्के भार पुढच्या चाकांवर असतो आणि मागची बाजू मुळातच हलकी असते. त्यात छपरावरून वाहणारी हवा मागची बाजू उचलू पाहते, आणि ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समोरून दिसणारे क्षेत्रफळ 2.1 चौरस मीटर आणि मागच्या ॲक्सलवरचा (चाकांच्या आसावरचा) उचल-गुणांक, म्हणजे गाडीच्या आकारामुळे हवा किती उचल देते हे सांगणारा आकडा, 0.1 धरला, तर ताशी 60 किलोमीटर वेगाला ती जेमतेम साडेतीन किलो वजनाइतकी भरते, तर ताशी 180 ला नऊपट, म्हणजे सुमारे 32 किलो. मागच्या चाकांवर 400 किलो भार असताना घाटातल्या साडेतीन किलोंनी काहीच बिघडत नाही.

शिवाय पंख मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे त्यावरचा दाब पुढची बाजू किंचित उचलतो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर) 2.5 मीटर आणि पंख मागच्या ॲक्सलच्या 0.7 मीटर मागे असेल, तर पंखावरच्या दर 100 किलो दाबामागे पुढच्या, म्हणजे गाडी ओढणाऱ्याच चाकांवरचे 28 किलो कमी होतात. म्हणूनच 1994 मध्ये गॅब्रिएले तार्क्विनी यांनी ज्या अल्फा रोमिओ 155 मधून ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेचे विजेतेपद मिळवले, तिला मागच्या पंखाच्या जोडीने पुढे स्प्लिटरही (पुढची बाजू दाबून धरणारी, बंपरखालची आडवी पट्टी) होता. बाजारातला नुसता पंख आणून डिकीच्या दारावर बसवणे मला म्हणूनच पटत नाही.

घाटात टाइप आरचे खरे बळ तिच्या हेलिकल लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलमध्ये आहे. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणारी यंत्रणा, आणि या प्रकारात एक चाक घसरू लागले तरी पकड असलेल्या चाकाला जास्त जोर मिळतो. चढावरच्या वळणात ॲक्सिलरेटर दाबला की भार मागे सरकतो, आतल्या बाजूचे पुढचे चाक हलके होऊन जागीच फिरू लागते, आणि साधे डिफरन्शियल बाहेरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर देत असल्याने त्याची पकड वाया जाते. तेव्हा साधे डिफरन्शियल असलेल्या गाडीत स्टिअरिंग सरळ होऊ लागेपर्यंत जोर देऊ नये.

उतारावर धोका उलटा, आणि माझ्या मते अधिक मोठा असतो. भार पुढे गेलेला असतो, पावसाळ्यात दरडीची लाल माती रस्त्यावर आलेली असते, आणि अशा वेळी वळणाच्या मध्येच ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागची बाजू बाहेर फेकली जाते. वेग वळणाआधीच कमी करावा. पंखाचे पैसे चांगल्या टायरांवर खर्च करा, आणि दोनच नवे घेणार असाल तर पुढचे लवकर झिजत असले तरी नवे मागेच बसवा. पुढचे घसरू लागले की ते स्टिअरिंगवर जाणवते आणि वेग हळूहळू कमी करून गाडी सावरता येते, मागचे घसरले तर तेवढा अवधी मिळत नाही.