वाचकांचे प्रश्न : एक भिंत गार, दुसरी गरम

प्रश्न : गॅस टर्बाइनच्या ब्लेडमध्ये थंड हवेच्या वाहिन्या असतात, तशा एका वाहिनीचं मॉडेल आम्ही प्रोजेक्टसाठी केलंय. १२ मिमी चौकोनी वाहिनी फिरत्या आर्मवर बसवली आहे, हवा आसाकडून टोकाकडे जाते. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना सारखेच वॅट देतो. आर्म थांबलेला असताना तापमान सारखं, ४०० आरपीएमला मात्र एक भिंत तीन-चार अंशांनी जास्त. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बिघडलं का? नसेल, तर रिसर्च पेपरांमध्ये दिसतो तेवढा मोठा फरक आम्हाला का मिळत नाही?
— विद्यार्थी गट, कोथरूड

उत्तर : आधी कोणती भिंत गरम आहे ते बघा. फिरण्याच्या दिशेची, म्हणजे लीडिंग भिंत गरम असेल, तर बहुधा थर्मोकपल निर्दोष आहे. फिरत्या चक्राच्या मध्यापासून कडेकडे चालायला लागलं की माणूस फिरण्याच्या उलट बाजूला झोकांडतो. हवेचंही तेच होतं. मधली गार, वेगवान हवा मागच्या, म्हणजे ट्रेलिंग भिंतीवर दाबली जाते आणि लीडिंग भिंतीपाशी मंद, तापलेली हवा रेंगाळते. हा कोरिऑलिस परिणाम. वाहिनी टोकाशी वळून हवा आसाकडे परत येत असेल, तर त्या परतीच्या भागात चित्र उलटं होतं.

खात्री करायची तर मोटर उलटी फिरवा (दोन फेज बदला किंवा ड्राइव्हमध्ये दिशा बदला). गरमपणा दुसऱ्या भिंतीवर गेला तर कोरिऑलिस. त्याच भिंतीवर राहिला तर हीटर किंवा थर्मोकपल तपासा. पण त्याआधी रोटरी युनियनचे, म्हणजे स्थिर नळीतून फिरत्या आर्ममध्ये हवा पोचवणाऱ्या जोडाचे, आटे बघा. ते फिरण्याच्या दिशेने आवळले जातील असे निवडलेले असतात, उलट्या दिशेला युनियन सुटू शकतं. लॉकिंग करूनच आणि कमी वेगावरच ही चाचणी घ्या.

आता फरक लहान का? इथे नुसता आरपीएम बघून चालत नाही. बघायचा तो रोटेशन नंबर : कोनीय वेग गुणिले वाहिनीची रुंदी, भागिले हवेचा वेग. वातावरणाच्या दाबाला रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा) १०,००० ठेवायचा तर तुमच्या वाहिनीत हवा साधारण १३ मीटर प्रतिसेकंद हवी. ४०० आरपीएम म्हणजे ४२ रेडियन प्रतिसेकंद. आकडा येतो जेमतेम ०.०४. गुळगुळीत भिंतींच्या वाहिनीवर १९९० च्या सुमारास झालेले प्रयोग ०.२४ च्या आसपास होते. त्यांत एका भिंतीवरचं उष्णतावहन थांबलेल्या स्थितीच्या साडेतीन पटीपर्यंत चढलं, दुसरीवरचं ४० टक्क्यांपर्यंत उतरलं. भिंतींना रिब, म्हणजे आडव्या बारीक पट्ट्या, लावल्या की ही दरी बरीच कमी होते.

वेग सहापट करायच्या फंदात पडू नका, आर्मवरचा ताण छत्तीसपट होईल. त्यापेक्षा दाब वाढवा. वजनी प्रवाह तोच, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ ग्रॅम ठेवून बाहेरचा व्हॉल्व्ह आवळा. आतला निरपेक्ष दाब ५ बार झाला की हवेचा वेग २.६ मीटरवर येतो, रेनॉल्ड्स नंबर तसाच राहतो आणि रोटेशन नंबर ०.१९ होतो. दाबाची चाचणी पाण्याने घ्या, हवेने नाही. आणि आर्मभोवती पोलादी गार्ड नसेल तर मोटरचं बटण दाबूच नका.

एक चूक बहुतेक रिगवर (प्रयोगाच्या मांडणीवर) होते. बाहेर वाया जाणारी उष्णता आर्म थांबवून मोजतात. फिरताना बाहेरून वारा लागतो, गळती वाढते आणि ती वाढ हिशेबात आतल्या उष्णतावहनाच्या नावावर जमा होते. वाहिनीत काचलोकर ठासून, हवा बंद करून, त्याच आरपीएमला ही गळती मोजा.

प्रश्न : आमच्या फिरत्या रिगवर थर्मोकपलच्या तारा तांब्याच्या स्लिप रिंगला (फिरत्या भागातून सिग्नल बाहेर आणणाऱ्या कड्यांना) जोडल्या आहेत. अर्ध्या तासात सगळी रीडिंग एकदमच सरकतात. काय करावं?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : सगळी एकदम सरकतात, म्हणजे गोची कोल्ड जंक्शनची, म्हणजे ज्या टोकाच्या तुलनेत थर्मोकपल तापमान मोजतं त्या टोकाची, आहे. थर्मोकपलची तार तांब्याला जिथे जोडली, तिथेच कोल्ड जंक्शन तयार झालं. ते शाफ्टवर, बेअरिंगच्या उबेत. तुमचं मीटर मात्र स्वतःच्या टर्मिनलचं तापमान धरून भरपाई करतंय. सगळे जोड आर्मवर एकाच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर, त्यापासून विद्युतरोधक पट्टीने वेगळे ठेवून बसवा. ठोकळ्यात एक पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमान सेन्सर) घाला, त्याच्या चार तारा वेगळ्या रिंगांवरून आणा आणि मीटरची आपोआप होणारी भरपाई बंद करून हिशेब त्या पीटी-१०० वर करा. रिंगा कमी पडत असतील तर रीडिंग नोंदवून बिनतारी पाठवणारा छोटा वायरलेस लॉगर आर्मवरच, शक्य तितका आसाजवळ बसवा. मग आर्म पुन्हा बॅलन्स करायला विसरू नका.