यूव्ही रोखणाऱ्या काचेत बसवल्यावर प्रिंटचा पांढरा भाग पिवळट का दिसतो?

तुमचा प्रश्न असा: इंकजेट प्रिंट हातात असताना लख्ख पांढरी होती, यूव्ही रोखणाऱ्या काचेत बसवताच पिवळट दिसायला लागली, तर कागद खराब निघाला का? बदल लगेच दिसला असेल तर कागद ठीक आहे. त्यातल्या ऑप्टिकल ब्राइटनरला (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या रसायनाला) लागणारा अतिनील, म्हणजे यूव्ही, प्रकाश काचेने अडवलाय, एवढंच.

लगद्याचा कागद निळा प्रकाश थोडा शोषतो, म्हणून मुळात किंचित पिवळसर असतो. नुसती निळी छटा दिली तर पिवळेपणा झाकतो, पण कागद मंद होतो. ब्राइटनर (बहुतेक स्टिलबीन गटातली रसायनं) साधारण ३४० ते ४०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश शोषून ४४०च्या आसपास निळा प्रकाश बाहेर टाकतो. पिवळेपणाही जातो आणि उजेडही वाढतो. यूव्ही मिळालाच नाही, तर हा सगळा परिणाम गायब. साध्या पांढऱ्या एलईडीखालीही हेच होतं, कारण तिची निळी चिप ४५० नॅनोमीटरच्या आसपासची असते आणि यूव्ही जवळपास नसतोच.

खात्री करायची तर प्रिंट काचेबाहेर काढा आणि त्याच पाकिटातल्या कोऱ्या कागदाशेजारी खिडकीच्या उजेडात धरा. दोन्ही सारखे दिसले, तर दोष फक्त काचेचा. प्रिंट तरीही पिवळी दिसली, तर ब्राइटनर मेलाय. प्रकाश आणि ओझोन, दोन्हींनी तो हळूहळू निकामी होतो आणि ते परत आणता येत नाही.

अंधारात यूव्ही टॉर्चने हे आणखी स्पष्ट दिसतं. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. ३९५वाल्यातून दिसणारा जांभळा उजेडही येतो, त्यात सगळेच कागद चमकल्यासारखे वाटतात. बरीच वर्षं भिंतीवर राहिलेल्या प्रिंटवर माउंटखाली (फ्रेममध्ये प्रिंटभोवती असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेली कड निळी पेटते आणि उघडा भाग निस्तेज राहतो. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. नव्या कागदाचा तुकडा फाडून कडही बघा. फक्त वरचा थर चमकला तर ब्राइटनर कोटिंगमध्ये आहे, फाटलेले तंतू चमकले तर मूळ कागदात. कोटिंगमधला आधी मरतो, कारण प्रकाश आणि हवा त्याला थेट भिडतात. आरसी कागदात (दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेल्या फोटो कागदात) पॉलिथिनच्या थरात टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि तो स्वतःच यूव्ही शोषतो, त्यामुळे खालच्या कागदातल्या ब्राइटनरचा पुढून फारसा उपयोग होत नाही.

आता प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कोणत्या रंगाला किती शाई टाकायची हे ठरवणारी फाइल. ती कागदावरचे रंग यंत्राने मोजून बनवतात. खरी गफलत बहुतेक वेळा इथेच होते. यूव्ही असलेल्या दिव्याने मोजलं की यंत्राला कागद निळसर दिसतो, आणि ते निळेपण मारायला प्रोफाइल फिक्या छटांमध्ये पिवळी शाई वाढवतं. मग काचेमागे निळेपण नाही आणि पिवळी शाई मात्र आहे, असं दुहेरी नुकसान होतं. फ्रेम यूव्ही काचेची असेल तर एम२ पद्धतीने, म्हणजे यूव्ही कापून मोजा. प्रिंट उघडी आणि दिवसाच्या उजेडात पाहायची असेल तर एम१, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा यूव्ही धरून मोजायची पद्धत घ्या. तुमचं यंत्र दोन्ही देत असेल तर कोऱ्या कागदाची बी-स्टार किंमत (रंग किती निळा किंवा पिवळा आहे याचा आकडा) दोन्हींत काढा. फरक एकच्या आत असेल तर ब्राइटनर जवळपास नाही, पाच-सहाच्या पुढे गेला तर भरपूर आहे.

कायम टांगायच्या कामासाठी मी ब्राइटनर नसलेला कागदच घ्यायला सांगेन. सुरुवातीला तो मळकट वाटतो, पण एकटा पाहिला की दोन मिनिटांत डोळा त्यालाच पांढरा मानतो. अल्बम, नमुने, थोड्या दिवसांचं प्रदर्शन यांना ब्राइटनरवाला बिनधास्त वापरा. मात्र एकाच भिंतीवर दोन्ही प्रकार शेजारी लावू नका. त्यातला ब्राइटनर नसलेला कागद शाबूत असूनही जुना दिसेल.