वाचकांचे प्रश्न : हॅकरसाहेबांचा चेहरा

प्रश्न : माझे वडील जिल्हा परिषदेत 34 वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. मामा इंग्लंडहून आणायचा त्या 'येस मिनिस्टर' या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेच्या कॅसेट ते पुन्हा पुन्हा लावायचे. रुग्ण नसलेल्या हॉस्पिटलचा भाग लागला की आईलाही स्वयंपाकघरातून हाक मारायचे. मागच्या वर्षी बाबा गेले. कॅसेट कपाटात तशाच आहेत. त्यातले कलाकार कोण होते? कुणी हयात आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. मीही सरकारी कचेरीत आयुष्य काढलं आणि ही मालिका मलाही अशीच मिळाली. धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये रेडिंगला होता, तो टीव्हीवरून भरून आणायचा. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये टीव्हीच्या प्रक्षेपणाची 'पाल' (PAL) पद्धत एकच, म्हणून तिथली कॅसेट इथल्या व्हीसीआरवर सरळ चालायची. अमेरिकेहून आलेल्या कॅसेटचं तसं नव्हतं.

तिघंही मुख्य नट आता नाहीत. मंत्री जिम हॅकर झालेले पॉल एडिंग्टन 4 नोव्हेंबर 1995 ला गेले. सचिव सर हम्फ्री म्हणजे नायजेल हॉथॉर्न, ते 26 डिसेंबर 2001 ला. खासगी सचिव बर्नार्ड झालेले डेरेक फोल्ड्स 17 जानेवारी 2020 ला. दोन लेखकांपैकी अँटनी जे यांचं 2016 मध्ये निधन झालं. त्यांचे जोडीदार जोनाथन लिन.

बाबांचा आवडता भाग 1981 चा. नवं कोरं हॉस्पिटल, 500 कर्मचारी, सगळे प्रशासनाचे नाहीतर वरकामाचे, आणि रुग्ण एकही नाही. डॉक्टर-नर्सही नाहीत. मंत्री पाहणीला जातात तर सगळं चकचकीत आणि रिकामं, आणि व्यवस्थापक बाई अभिमानाने सांगतात की स्वच्छतेच्या पुरस्कारासाठी आमचं नाव आहे. तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन! ज्याने फाइलवर 'चर्चा करावी' हा शेरा वाचला आहे, आवक-जावकच्या नोंदी ठेवल्या आहेत, त्याला हे लेखक आतलं जाणतात हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ते खरोखरच जाणत होते. माजी मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांच्या रोजनिश्या त्यांनी वाचल्या होत्या आणि सरकारच्या आत वावरलेल्या माणसांकडून किस्से मिळवले होते.

लोक हम्फ्रीची लांबलचक वाक्यं पाठ म्हणून दाखवतात. हॉथॉर्न ती एका दमात म्हणायचे, त्यात वाद नाही. पण मला विचाराल तर मालिका तोलून धरली ती एडिंग्टननी. पुढच्या वेळी हम्फ्री बोलत असताना त्याच्याकडे बघू नका, मंत्र्याकडे बघा. सुरुवातीला डोळ्यांत 'कळतंय मला' असा भाव असतो. मग भुवई किंचित वर जाते. वाक्य लांबतं तसे ओठ थोडे उघडतात, काहीतरी विचारायचं असतं आणि ते राहून जातं. शेवटी नजर हळूच बर्नार्डकडे वळते. एक शब्द न बोलता हे सगळं! या भूमिकांसाठी ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराला दोघांची नावं चार वेळा एकत्र गेली आणि चारही वेळा पुरस्कार हॉथॉर्नना मिळाला. एडिंग्टनना एकदा तरी मिळायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एडिंग्टनना ऐन तारुण्यात त्वचेचा दुर्मिळ कर्करोग झाला होता. कित्येक दशकं त्यांनी तो बाहेर कळू दिला नाही. म्हणजे आपण पाहिलेला प्रत्येक भाग त्या आजारातला आहे. शेवटच्या वर्षी बीबीसीवर जेरेमी आयझॅक्सनी त्यांची मुलाखत घेतली. तेव्हा आजाराच्या खुणा चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होत्या, तरी ते कॅमेऱ्यासमोर बसले. आपल्यामागे लोकांनी काय म्हणावं, यावर ते म्हणाले, 'याने फारसं कुणाचं वाईट केलं नाही,' एवढं म्हटलं तरी पुरे. आणि तेही सोपं नसतं. ते क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या शाळेत शिकलेले, तत्त्व म्हणून युद्धाला नकार देणारे. हे कळल्यापासून मला त्यांचा तो गोंधळलेला मंत्री वेगळा दिसतो. हॅकर चुकतो, घाबरतो, मतांचा हिशेब करतो, पण दुष्ट कधीच वाटत नाही.

जाता जाता : 2001 मध्ये याच मालिकेवरून स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आली. मंत्री होते फारूख शेख. तेही 2013 च्या डिसेंबरात गेले. तोच सालसपणा त्यांच्यातही होता.

प्रश्न : लंडनला राहिलेले काका लहानपणी पाहिलेल्या 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेबद्दल बोलतात आणि म्हणतात, त्यातले बरेच भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले. हे खरं आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दुर्दैवाने खरं आहे. त्या काळी दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप फार महाग होती, म्हणून तीच पुसून पुन्हा वापरत. कलाकारांच्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. त्यात 1960 च्या दशकाच्या अखेरीस रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कुणालाच नकोसं झालं. 1978 च्या सुमारास जतनाचं धोरण आलं, तोवर खूप काही गेलं होतं. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी नटांच्या जोडीच्या कार्यक्रमाचे बरेच भाग असेच गेले. नव्या टेपचे पैसे मी देतो, पण हे पुसू नका, असं कुक यांनी स्वतः सांगूनही ऐकलं गेलं नाही. माणूस जिवंत असताना त्याच्यासमोर त्याचं काम पुसायचं! मला हे आजही सहन होत नाही.

पण परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी काढलेल्या फिल्मच्या प्रती कुठे कुठे उरल्या. 2013 मध्ये 'डॉक्टर हू'चे नऊ हरवलेले भाग जाहीर झाले. ते नायजेरियातल्या जोस शहरात एका प्रक्षेपण केंद्राच्या साठवणीच्या खोलीत सापडले होते. त्या भागांत नायकाची, म्हणजे डॉक्टरची, भूमिका करणारे पॅट्रिक ट्रॉटन 1987 मध्येच वारले होते. काकांना त्यातला 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' दाखवा, आता तो पूर्ण आहे.

आणि साताऱ्याच्या वाचकांना एक कळकळीची सूचना. बाबांच्या कॅसेट लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसते का, ते उजेडात धरून बघा. ती बुरशी असते. तशी टेप चालवली तर ती तुटू शकते आणि बुरशी यंत्रालाही लागते. माझ्या दोन कॅसेट अशाच गेल्या. व्हीसीआरचं उत्पादन 2016 मध्ये थांबलं, तेव्हा चालू यंत्र असलेला माणूस शोधून, आधी साफ करून मगच डिजिटल प्रत करून घ्या. मालिका बाजारात मिळेलही, पण घरी भरलेल्या कॅसेटच्या पुठ्ठ्यावर भाग क्रमांक आणि तारखा कुणीतरी लिहिलेल्या असतात. अक्षर बाबांचं असेल तर तो पुठ्ठा फेकू नका.