एमडी सायकियाट्रीनंतर यूके: रेसिडेंट तिथे नक्की कुठे बसून शिकतो

ताई अशी हाक मारलीस म्हणून सरळ अगंतुगं करते. तुझं विचारणं असं की एमडी सायकियाट्रीचं, म्हणजे मानसोपचारातल्या पदव्युत्तर पदवीचं, तिसरं वर्ष चालू आहे, परीक्षा झाली की यूकेला यायचा विचार आहे, तर तिथे रेसिडेंटचं (शिकत शिकत काम करणाऱ्या डॉक्टरचं) काम आपल्यासारखंच वॉर्ड आणि ओपीडीचं असतं का, आणि भारतातला अनुभव तिथे धरतात का. परीक्षा आणि व्हिसावर तुला भरपूर जणांनी सांगितलेलं दिसतंय, पण कामाच्या जागांबद्दल कोणी बोललेलं नाही, आणि मला विचारशील तर तेच आधी समजून घे कारण आपली खरी दमछाक तिथे होते. मी एमडी पुण्यात केलं, आता आठ वर्षं इंग्लंडमध्ये आहे, त्यामुळे लिहितेय ते इंग्लंडचं, स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

आधी सांगाडा. कोअर ट्रेनिंग ३ वर्षांचं, त्यात सहा-सहा महिन्यांच्या ६ पोस्ट, मग हायर ट्रेनिंग साधारण ३ वर्षं. सुरुवात बहुतेकांची जनरल अॅडल्ट किंवा ओल्ड एजमध्ये होते, पुढे लहान मुलांचं किंवा बौद्धिक अक्षमतेचं एक पोस्ट, मग लिएझन (इतर आजारांच्या वॉर्डांतल्या पेशंटचं मानसोपचाराचं काम), फॉरेन्सिक (गुन्ह्याशी संबंध आलेले पेशंट), अॅडिक्शन असं जे वाट्याला येईल ते. आधी ज्युनियर डॉक्टर म्हणायचे, सप्टेंबर २०२४ पासून अधिकृत नाव रेसिडेंट डॉक्टर झालंय.

आता जागा. आपल्याकडे जनरल हॉस्पिटलचा सायकियाट्री वॉर्ड म्हणजे प्रत्येक खाटेशेजारी एक नातेवाईक, हिस्टरी तोच देतो, गोळ्या तोच भरवतो, रात्री पेशंट उठून चालायला लागला तर सिस्टरला उठवतो पण तोच. इथल्या वॉर्डात नातेवाईक राहत नाही. बहुतेक ठिकाणी पेशंटला स्वतःची खोली असते, गळफासासाठी वापरता येईल असा हुक किंवा नळ कुठे राहू नये अशा बेताने सगळं बसवलेलं असतं, आणि जास्त धोका असेल तर एक स्टाफ चोवीस तास हाताच्या अंतरावर. बेड फार कमी आहेत, म्हणून आत येतो तो खरंच खूप आजारी असतो आणि त्यातले बरेच जण मेंटल हेल्थ अॅक्ट १९८३ खाली, म्हणजे स्वतःच्या इच्छेविरुद्ध दाखल झालेले असतात.

हा कायदा पुस्तकात वाचून अंगात भिनत नाही. आपला २०१७चा मानसिक आरोग्याचा कायदा तू वाचला असशील, पण खरं सांग, नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हचे (पेशंटने स्वतःच्या वतीने नेमलेल्या माणसाचे) कागद किती वेळा नीट विचार करून भरलेस? इथे पहिल्याच महिन्यात नाइटला फोन येतो की स्वखुशीने दाखल झालेला पेशंट आत्ता पहाटे ३ वाजता घरी जायचं म्हणतोय, त्याला इथल्या कायद्याच्या सेक्शन ५(२)खाली ७२ तासांपर्यंत थांबवायचं की जाऊ द्यायचं हे ऑन-कॉल रेसिडेंट म्हणून तुला ठरवायचंय, कारण लिहून सही करायचीय, आणि ते कारण दुसऱ्या दिवशी वाचलं जातं. वर फोनवर सीनियर असतो, त्याला उठवायला लाजू नकोस. सेक्शन २ म्हणजे इच्छेविरुद्ध २८ दिवसांपर्यंत दाखल ठेवणं, त्याला दोन डॉक्टर आणि एक एएमएचपी (अॅप्रूव्ह्ड मेंटल हेल्थ प्रोफेशनल) लागतो, तो बहुतेक वेळा सोशल वर्कर असतो आणि शेवटचा अर्ज त्याचा, डॉक्टर फक्त शिफारस करतात. म्हणजे डॉक्टर म्हणतायत अॅडमिट करा आणि तो म्हणू शकतो नाही, घरी बघू! आपल्याला हे पचायला वेळ लागतो पण मी आता मनापासून म्हणते की ही रचना बरोबर आहे. पेशंटने अपील केलं तर ट्रायब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण बसतं, त्याला वकील फुकट मिळतो आणि तो वकील तुझ्या रिपोर्टमधली ओळ न् ओळ विचारतो. फॉर्म्युलेशन, म्हणजे पेशंटला हा त्रास का होतोय याची मांडणी, लिहायला मी तिथे शिकले.

पण खरं शिक्षण हॉस्पिटलच्या बाहेर आहे ग. सहापैकी निदान काही पोस्ट कम्युनिटी टीममध्ये असतात, एखाद्या साध्या इमारतीत ऑफिस, त्यात सायकियाट्रिक नर्स, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट आणि डॉक्टर फक्त एक-दोन. शिवाय होम ट्रीटमेंट टीम, जी अॅडमिशन टाळायला पेशंटच्या घरी रोज जाते, कधी दिवसातून दोनदा. माझी पहिली होम व्हिजिट अजून डोळ्यासमोर आहे, ओपीडीत नीटनेटका येणारा, गोळ्या वेळेवर घेतो म्हणणारा मध्यमवयीन माणूस, एकटा राहणारा, आणि त्याच्या किचनमध्ये सहा महिन्यांच्या गोळ्यांची न उघडलेली पाकिटं एकावर एक रचलेली, दाराशी न फोडलेल्या पत्रांचा ढीग, हीटर बंद. सोबतच्या नर्सने एक शब्द न बोलता किटली लावली आणि त्याच्याशी मांजराबद्दल बोलायला लागली, वीस मिनिटांनी त्याने स्वतःच सांगितलं की गोळ्यांत विष आहे असं वाटतं. एमडीत दिवसाला साठ-सत्तर पेशंट बघून जे मला दिसलं नव्हतं ते त्या एका स्वयंपाकघरात दिसलं.

माझ्याकडून सुरुवातीलाच झालेली चूकही सांगते. पेशंटच्या आईचा फोन आला, मी आपल्या सवयीने निदान, औषधं सगळं सांगून टाकलं. पेशंट तिशीतली, तिने कुटुंबाला सांगू नका असं लिहून दिलेलं होतं. आईचं ऐकून घ्यायला हरकत नाही, सांगायला मात्र परवानगी लागते. त्या मुलीने पुढे कित्येक आठवडे माझ्याशी बोलायचं टाळलं, मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे नसलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, दर आठवड्याला सुपरवायझरबरोबर ठरलेला एक तास, फक्त तुझ्या शिकण्यासाठी. तो कोणी खायला लागलं तर गप्प बसू नकोस, मी एका पोस्टमध्ये गप्प बसले आणि सहा महिने वाया गेले. शिवाय बॅलिंट ग्रुप असतो, त्यात पेशंटमुळे आपल्याला काय वाटलं ते बोलायचं, आणि सायकोथेरपीच्या केसेस स्वतः घ्यायच्या, त्यातली एक बरेच महिने चालणारी.

अनुभव धरतात का? धरतात, पण वाट बघून निवड. एमडी झाल्यावर एमटीआय (मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह) स्कीम आहे, त्यात प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांची नोंदणीसाठीची परीक्षा, लागत नाही, इंग्रजीची परीक्षा लागते, जास्तीत जास्त २ वर्षं, मग परत जायचं. एमआरसीसायक, म्हणजे इथल्या रॉयल कॉलेजची सायकियाट्रीची परीक्षा, पूर्ण केलीस तरी प्लॅब लागत नाही, त्यात पेपर ए आणि बी लेखी, शेवटी १६ स्टेशनांचं कॅस्क, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. कॅस्कमध्ये आपले लोक ज्ञानात कमी पडत नाहीत, पेशंटला बोलू देण्यात कमी पडतात, कारण ओपीडीतल्या गर्दीने आपल्याला पाच मिनिटांत उरकायला शिकवलंय. एमआरसीसायक आणि कोअरइतका अनुभव दाखवता आला तर थेट एसटी४ला, म्हणजे हायर ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला अर्ज करता येतो. सीटी१चं, म्हणजे कोअरच्या पहिल्या वर्षाचं, मात्र स्वप्न जपून बघ, अर्ज प्रचंड वाढलेत आणि जुलै २०२५च्या आराखड्यात सरकारने इथल्याच मेडिकल ग्रॅज्युएट्सना आधी जागा द्यायचं जाहीर केलंय. अर्जाच्या वर्षीचा नियम अधिकृत साइटवरच वाच, माझ्या किंवा कोणाच्या जुन्या अनुभवावर तिकीट काढू नकोस.

तुझ्याकडचं सोनंही ओळख. कॅटाटोनिया (पेशंट पुतळ्यासारखा थिजतो ती अवस्था), दारू सुटल्यावरचा डिलिरियम, बाळंतपणानंतरचं टोकाचं पोस्टपार्टम सायकोसिस, हे तू आत्ताच इतकं हाताळलं असशील की इथे लिएझनच्या पोस्टमध्ये त्याचा फार उपयोग होईल. तेव्हा उरलेल्या महिन्यांत येरवडा किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग मिळत असेल तर घे, वर्षानुवर्षं राहिलेल्या पेशंटशी निवांत बोलायला बस, आणि सोशल वर्करबरोबर एकदा तरी कोणाच्या घरी जाऊन ये.

आणि गाडी शीक. कम्युनिटी पोस्टमध्ये दिवसाला तीन घरं असतात, बस तासाने एक. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, पण ते तिथून निघायच्या आधी हातात हवं, आणि इथली टेस्टची तारीख मिळायला बरेच महिने जातात म्हणून आल्या आल्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज टाक.