सलाईन लावून घरी पाठवलं, म्हणजे धोका टळला का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातून लिहितेय. माझा धाकटा भाऊ ३९ वर्षांचा, कपाशीची शेती आहे. आधी सणासुदीलाच घ्यायचा, आता सकाळी उठल्यापासून लागते. या वर्षात तीनदा इमर्जन्सीत न्यावं लागलं, आखाजीला गाडीवरून पडला, मग एकदा फिट आली, आणि मागच्या महिन्यात बस स्टँडजवळ बेशुद्ध सापडला. दरवेळी सलाईन, इंजेक्शन आणि सकाळी सुट्टी. जाताना सांगतात दारू सोडा, बस. तो उठून बसला की म्हणतो, "माले काही व्हत नही." वहिनी म्हणते हे आता नेहमीचंच झालं. मला मात्र झोप लागत नाही. मी उगाच घाबरतेय का?

उत्तर : ताई, तुम्ही अजिबात उगाच घाबरत नाहीय. उलट घरातल्या बाकीच्यांनी घाबरायला पाहिजे.

दारूमुळे माणूस वर्षात दोन-तीनदा इमर्जन्सीत येतोय हीच मुळात मोठी धोक्याची खूण आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात यावर मोठा अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. दारूच्या कारणानं एका वर्षात निदान दोनदा इमर्जन्सीत आलेले पंचवीस हजारांहून जास्त लोक त्यांनी बघितले, आणि पुढच्या एका वर्षात त्यातले शंभरात पाचाहून जास्त लोक वारले. पाच किंवा जास्त वेळा आलेल्यांत तर शंभरातले जवळपास नऊ. आणि आपण समजतो की दारुडा लिव्हर सडूनच मरतो, पण तिथे सगळ्यात जास्त मरणं अपघात, आत्महत्या अशा बाहेरच्या कारणांनी झालेली होती. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे तेच लागू होतील असं मी म्हणत नाही, पण जितक्या जास्त वेळा इमर्जन्सी तितका धोका जास्त, हे मला कॅज्युअल्टीत काम करताना पटलेलं आहे.

सलाईननं काय होतं ते समजून घ्या. अंगातलं पाणी भरून निघतं, साखर वर येते, उलट्या थांबतात, रात्रीत नशा उतरते. व्यसनाचा जो आजार आहे त्याला त्या बाटलीतलं काहीच लागू पडत नाही. म्हणजे सकाळी सुट्टी झाली तेव्हा नशेवर इलाज झाला, आजार होता तिथेच आहे, आणि तोच माणूस तीच गाडी घेऊन त्याच रस्त्यानं परत जाणार.

आता तुमच्या पत्रातली फिट. ती आली त्याच्या आदल्या दिवशी तो प्यायलेला होता की कुठल्या कारणानं बंद होती? हे वहिनीला नीट विचारा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि एकदा अशी आली की पुढच्या वेळी बंद केल्यावर परत येण्याची भीती जास्त. म्हणून भावाला घरात कोंडून, शपथा घालून एकदम बंद करायला लावू नका, त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे.

पुढच्या वेळी न्यायची वेळ आलीच (न येवो) तर सोबत जाणाऱ्यानं काही गोष्टी न विचारता स्वतःहून सांगायच्या. शेवटचा घोट किती वाजता घेतला, रोज किती पितो, आधी फिट आलीय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडलाय का, डोक्याला लागलंय का. तोंडाला वास येत असला की सगळे धरून चालतात की पिऊन झोपलाय, आणि डोक्यात आत रक्त साकळत असतं ते सुटून जातं. कानामागे टेंगूळ, नाकातून रक्त, एक डोळ्याची बाहुली मोठी, काही दिसलं तर तिथल्या तिथे दाखवा. नशा उतरायची वेळ होऊन गेली तरी माणूस हाकेला ओ देत नसेल तर ती फक्त नशा समजू नका. काळी संडास किंवा रक्ताची उलटी झालेली असेल तर तेही सांगा, लाजू नका. आणि बी-वन म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं का, हे नम्रपणे विचारा. बरेच दिवस नीट न जेवलेल्या दारुड्याला बी-वन न देता नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, बी-वन आधी किंवा निदान सोबत जायला पाहिजे.

मग सुट्टी होताना, कार्ड हातात घ्यायच्या आधी विचारा की मानसोपचारवाल्या डॉक्टरांना कधी दाखवायचं, आणि तारीख लिहून घ्या. जळगाव आणि धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी असते. सुट्टीनंतरचा हा आठवडा वाया घालवू नका, कारण आत्ताच भाऊ जरा घाबरलेला असतो, ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो, पंधरा दिवसांनी परत "माले काही व्हत नही" सुरू होतं. दारूची ओढ कमी करणारी औषधं आहेत, नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, काही लिव्हरच्या पेशंटना बॅक्लोफेन, कुठलं चालेल ते लिव्हर-किडनी तपासून डॉक्टर ठरवतील. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी ट्रीटमेंट मिळाल्याचं दिसलं होतं, म्हणजे बाकीचे ३७ तुमच्या भावासारखे नुसते सलाईनवर किंवा तेही नाही.

अजून एक, आणि हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितोय. शेतकऱ्याचं घर आहे म्हणजे फवारणीचं औषध घरात असणार. ते कुलपात ठेवा, किल्ली वहिनीकडे. पिऊन रडतो का, "माझं काय उरलंय" असं बोलतो का, हे त्याला सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात जीव द्यायचा नवीन विचार येत नाही, उलट मन मोकळं होतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नशामुक्तीसाठी १४४४६ आहे. दोन्ही वहिनीच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.

प्रश्न : आमच्या आबांनी आषाढीला माळ घातली आणि त्याच दिवशी वीस-बावीस वर्षांची दारू एकदम बंद केली. घरात केवढा आनंद. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताय म्हणून झटकायला लागले, बैल घरात घुसले म्हणून पळायला लागले, हातपाय थरथर, अंग तापलेलं, सदरा घामानं ओला. लोक म्हणाले बाहेरचं लागलं, भगताकडे न्या. आम्ही दवाखान्यात नेलं, आठ दिवस ॲडमिट होते, आता बरे आहेत. नेमकं काय झालं होतं? (धुळे)

उत्तर : भाऊ, भगताकडे न जाता दवाखान्यात नेलंत त्यामुळे आबा वाचले असं मी म्हणेन. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वर्षानुवर्षं दारूनं दाबून ठेवलेला मेंदू, दारू तुटल्यावर बेफाम होतो, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. इलाज नव्हते त्या काळी अशा पेशंटमधले तिसऱ्या हिश्श्यापर्यंत लोक दगावायचे, आता वेळेवर ॲडमिट केलं तर शंभरात पाचाहून कमी. लोराझेपाम, डायझेपाम अशी औषधं, बी-वन आणि सतत लक्ष, एवढ्यावर माणूस निघतो.

आबांचा निश्चय खोटा नव्हता आणि माळेचाही काही दोष नाही. श्रावण पाळणारे, माळ घालणारे, नवस बोलणारे आपल्याकडे खूप, आणि त्यातले काही खरंच कायमचे सुटतात, मला त्या निश्चयाबद्दल आदर आहे. फक्त रोज सकाळी हात थरथरल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही असा माणूस असेल तर माळ घालायच्या आठवडाभर आधी डॉक्टरला दाखवा. औषधांच्या आधारानं दारू उतरवू द्या. आणि ज्या व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टर नाही, पेशंटला साखळीनं बांधून ठेवतात, तिथे नेऊ नका. साखळदंड २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंद केलेत, आणि बांधलेल्या माणसाला तिसऱ्या रात्री असं झालं तर बघणार कोण?

प्रश्न : मालकांना न कळवता भाजीत टाकायचं दारू सोडायचं पावडर मोबाईलवरून मागवलंय. चालेल का? (यावल तालुका)

उत्तर : नका टाकू ताई. अशा पावडरीत काय असतं ते पाकिटावरून कळत नाही, आणि त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर त्यावर दारू प्यायल्यावर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं, हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. हे औषध खरं आहे, पण पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनं, तपासण्या करून, शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्यावरच सुरू करतात, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. तुमच्या मालकांना तर माहितीच नसणार की पोटात काय गेलंय, ते नेहमीसारखी क्वार्टर घेतील. टाकून झालं असेल तर त्यांना आज सांगा, राग येईल तो येऊ द्या, आणि त्रास सुरू झाला तर १०८ ला फोन करून पाकीट सोबत घेऊन जा.