तूर्तातूर्त मनाई मागायला निघालीस त्या रात्री

परभणी

अनेक आशीर्वाद.

गंगाखेडला स्वतःचं टेबल मांडून तुला तीन महिनेही झाले नाहीत, आणि काल रात्री दहाला तुझा फोन, 'सर, उद्या शेताच्या धुऱ्यावर जेसीबी येतोय म्हणतात, तूर्तातूर्त मनाई मागू ना?' मी झोपेत 'शपथपत्र नीट कर' एवढंच म्हणालो. मृगाच्या तोंडावर अशी, समोरच्याला तात्पुरतं थांबवणारा कोर्टाचा हुकूम मागायची, प्रकरणं तुझ्याकडे रांगेनं येतील, म्हणून बाकीचं आज लिहितो.

पक्षकाराला पहिला प्रश्न विचार, 'कधी कळलं?' तो म्हणेल, 'आजच.' मग चहा पाज आणि पुन्हा विचार. चहा संपेपर्यंत निघतं की भाऊबंद दिवाळीपासून धुरा कोरतायत, गावात बैठक झाली होती, मोजणीही येऊन गेली आणि मोजणीच्या नकाशावर आपल्याच माणसाची सही आहे. हे सगळं अर्जात घाल. उशीर का झाला ते सांगितलंस तर तो खपतो. दडवलास, आणि पुढच्या तारखेला समोरच्या वकिलानं तो नकाशा दाखल केला, तर नि. ५, म्हणजे आपला मनाईचा अर्ज, तिथंच संपला समज. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं लिहून एकतर्फी, म्हणजे समोरच्याला न ऐकता, हुकूम घेतला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ रूल ४ प्रमाणे कोर्टाला तो उठवावाच लागतो; न उठवायचा तर तशी कारणं लिहावी लागतात.

ऑर्डर ३९ रूल ३ पुन्हा एकदा सावकाश वाच. आधी नोटीस, मग हुकूम, हा तिथला नियम आहे. नोटीस देण्यात वेळ गेला तर अर्जाचा हेतूच बुडेल, असं कोर्टाला वाटलं तरच एकतर्फी, आणि तेव्हाही कारणं नोंदवून. शिवकुमार चड्ढा विरुद्ध दिल्ली महानगरपालिका या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की ही कारणं म्हणजे नुसता उपचार नाही. आता न्यायाधीश ती कारणं आणणार कुठून? तुझ्याच कागदांतून. 'प्रतिवादी हे धनदांडगे, आडदांड व गुंड प्रवृत्तीचे आहेत' हे वाक्य आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक टायपिस्टला तोंडपाठ आहे, त्यानं कुणाचंही मन हलत नाही. त्याऐवजी लिही की मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास पूर्वेच्या धुऱ्यावरचे हद्दीचे तीन दगड उपटले, चौथा बाभळीच्या बुडाशी अजून जागेवर आहे, आणि मशीन शेजारच्या आखाड्यावर उभं आहे. मोबाईलमधले फोटो जोडशील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लाव.

प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान हे मनाईचे तीन निकष तुला पाठ आहेत, त्यावर मी शाई घालवत नाही. चतुःसीमा मात्र सातबारावरून उतरवू नकोस, तिथं त्या नसतातच. खरेदीखत बघ, आणि पक्षकाराला कोऱ्या कागदावर शेत काढायला लाव. 'जैसे थे' वर कधी समाधान मानू नकोस. कब्जा कुणाचा हे त्या हुकुमात लिहिलेलं नसलं, की दोघंही तोच कागद खिशात घालून त्याच शेतात पेरायला उतरतात.

आता माझी फजिती. तुझ्याएवढा होतो. बुधवारी साडेचारला एकतर्फी मनाई मिळाली, पक्षकारानं पेढे आणले, आणि प्रतिवादीला पाठवायच्या नकला माझ्या कारकुनाच्या पिशवीत शनिवारपर्यंत राहिल्या. हुकूम झाल्याबरोबर अर्ज, शपथपत्र, दावा आणि कागदांच्या नकला समोरच्याला हातोहात द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवायच्या, आणि तसं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं, हे त्याच रूल ३ मध्ये आहे. पुढच्या तारखेला समोरच्या म्हाताऱ्या वकिलानं युक्तिवाद केलाच नाही. फाईल उघडून ते शपथपत्र नसल्याचं कोर्टाला दाखवलं आणि खाली बसले. मनाई उठली. पेढ्याचा रिकामा पुडा तेव्हाही माझ्या टेबलावर होता.

एकतर्फी मिळालं तरी रूल ३अ प्रमाणे तीस दिवसांत अर्ज निकाली काढायचा कोर्टानं प्रयत्न करायचा असतो. तेव्हा तारखा तू मागून घेऊ नकोस. नाहीतर लोक म्हणतात, हिला एकतर्फीवरच दिवस काढायचेत, आणि ते खरंही असतं. प्रतिवादी सरकार असेल तर गोष्ट निराळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस देण्याइतका वेळ नसेल तर ८०(२) ची परवानगी माग, पण तिथं त्यांना म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काहीच मिळत नाही.

उद्या साडेदहाला आधी फायलिंगच्या टेबलावर जाऊन कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा समोरच्याचा अर्ज, आहे का बघ. असेल तर कॅव्हेट करणाऱ्याला अर्जाची नकल दे, आणि एकतर्फीचा विचार सोड. नसेल आणि साहेबांनी तरीही 'कारणे दाखवा' काढली, तर तोंड पाडू नकोस. जवळची तारीख आणि हमदस्त, म्हणजे हातोहात बजावायची, नोटीस माग, आणि दुपारीच बेलिफाला गाडीवर मागे बसवून गावात जा. जाताना पाण्याची बाटली घे, तिकडं रस्त्यात काही मिळत नाही.